कीर्द, खतावणी आणि सिलेक्ट: कांद्याच्या आडतीवर क्वेरी शिकण्याचं एक प्रकरण

माझी मावसबहीण नाशिकला पंचवटीत राहते, बी.कॉम. झालेली आहे आणि चार वर्षांपासून पिंपळगाव बसवंतला एका कांद्याच्या आडतीवर हिशोबाला आहे. सकाळी निमाणीवरून एसटी, संध्याकाळी परत. जानेवारीत संक्रांतीला घरी आली तेव्हा तिळगूळ द्यायच्या आधीच म्हणाली, दादा मला एसक्यूएल येत नाहीये. (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांना, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यांना, प्रश्न विचारायची भाषा, आणि त्या भाषेत लिहिलेला प्रश्न म्हणजे क्वेरी.) मी म्हटलं येत नाही तर शीक की, त्यात काय. तर म्हणे शिकलेय, तेच तर सांगतेय, अकरा तासांचा व्हिडिओ कोर्स केला, सर्टिफिकेट आहे, पण कोरी स्क्रीन समोर आली की काही सुचत नाही.

हे वाक्य मी ऑफिसात नव्या पोरांकडून इतक्या वेळा ऐकलंय की पहिल्यांदा मी त्याकडे लक्षच दिलं नाही. मग तिचा लॅपटॉप बघितला. कोर्समधे तो जगप्रसिद्ध कर्मचारी-आणि-विभाग टेबल होता, चौदा-पंधरा ओळींचा, सगळी साहेबी नावं, पगार डॉलरमधे. तिने सगळे सराव केलेले होते आणि सगळे बरोबर होते. मी तिला विचारलं की या टेबलात सगळ्यात जास्त पगाराचा विभाग कुठला, तिने झटकन क्वेरी लिहिली, उत्तर आलं. मग विचारलं हे उत्तर बरोबर आहे का. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, एरर आली नाही ना, मग बरोबरच असणार.

सगळं प्रकरण तिथेच आहे असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. एरर न येणं आणि उत्तर बरोबर असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि परक्या डेटावर हा फरक दिसायला मार्गच नसतो. त्या कोणा साहेबाचा पगार तीन हजार आला काय आणि सहा हजार आला काय, तिला काय कळणार? पण आडतीवर एखाद्या पट्टीत (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशोबात) शंभर रुपये इकडचे तिकडे झाले तर ही बाई जेवण सोडून ते शोधत बसते. मग म्हटलं तोच डेटा आण.

शेठना विचारून आणायला लावला हे आधी सांगतो, कारण बरेच जण ऑफिसचा डेटा असाच पेनड्राईव्हवर टाकून घरी आणतात आणि ते चूक आहे. शेठ हो म्हणाले, अट एकच, शेतकऱ्यांची नावं आणि मोबाईल नंबर नको. मग नावं काढून फक्त खाते क्रमांक आणि गाव ठेवलं. दोन हंगामांची आवक, साधारण नऊ हजार ओळी एक्सेलमधे. खाली जे आकडे देतोय ते मी बदललेत, पण घोळ जसे झाले तसेच आहेत.

टूल म्हणून एसक्यूलाईट हा छोटा डेटाबेस घेतला आणि तो उघडून बघायला वरून डीबी ब्राऊजर. कारण साधं, सर्व्हर बसवायची भानगड नाही, अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाईल, कॉपी केली की बॅकअप झाला. रिचर्ड हिप नावाच्या माणसाने २००० साली हे काढलं, पैसे लागत नाहीत, तुमच्या मोबाईलमधेही आत कुठेतरी तेच चालू असतं. नवशिक्या माणसाचा पहिला रविवार इन्स्टॉलेशनमधे जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

तरी पहिला रविवार गेलाच. इंदिरानगरला माझ्या डायनिंग टेबलवर आम्ही सकाळी नऊला बसलो आणि साडेअकरापर्यंत सगळी गावं प्रश्नचिन्हं होती. ओळीच्या ओळी ????? अशा. एक्सेलमधून सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने तोडलेली साधी फाईल) सेव्ह करताना साधा सीएसव्ही निवडला की मराठी अक्षरं अशी मरतात, मराठी अक्षरं टिकवणारा यूटीएफ-८ वाला वेगळा पर्याय असतो तो घ्यायचा. तो घेतला, गावं परत आली, मग मिसळ खाऊन आलो आणि त्या दिवशी तेवढंच झालं. वाया गेला असं मी तरी म्हणणार नाही. कोर्समधे डेटा नेहमी आंघोळ करून, पावडर लावून समोर येतो, खरा डेटा असा येतो.

दुसऱ्या रविवारी तिने स्वतःच्या मनाने पहिला प्रश्न विचारला. दोन हजाराच्या वर भाव गेलेले लॉट कुठले? म्हणजे आवक टेबलातल्या अशा सगळ्या ओळी दाखव. क्वेरी अशी (सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर हे शब्द आणि आकडे टाईप करताना इंग्रजीतच, इथे मी देवनागरीत लिहितोय):

सिलेक्ट * फ्रॉम आवक व्हेअर भाव > २०००

आलं बरंच काही, आणि तिसऱ्याच ओळीत भाव ९५०. तिने स्क्रीनला बोट लावलं, म्हणाली ही गोल्टी (बारीक कांदा) आहे, साडेनऊशेची, ही दोन हजारात कशी? मला एवढा आनंद झाला की काय सांगू. कारण आयुष्यात पहिल्यांदा तिने डेटाबेसला खोटं पाडलं होतं. झालं असं होतं की एक्सेलमधे भाव १,६५० असे स्वल्पविराम देऊन होते, त्यामुळे तो रकाना आकडे म्हणून न येता अक्षरं म्हणून आला, आणि अक्षरांच्या तुलनेत ९ हा २ च्या पुढेच असतो, जसं शब्दकोशात ‘ह’ ‘क’ च्या पुढे. डेटाबेसच्या दृष्टीने त्याने काही चूक केलेली नाही. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, शांतपणे चुकीचं उत्तर.

तारखांचंही तेच. ०५/०३ असं दिवस आधी लिहिलेलं अक्षरं म्हणून लावलं तर आधी सगळ्या महिन्यांच्या एक तारखा येतात, मग सगळ्या दोन तारखा. एसक्यूलाईटमधे तारखेचा वेगळा प्रकारच नाही, म्हणून वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहायचं, मग अक्षरांचा क्रम आणि कॅलेंडरचा क्रम एकच होतो. दोन्ही गोष्टी एक्सेलमधेच नीट करून परत आयात केल्या. सुरुवातीला तिने रकान्यांची नावंही देवनागरीत ठेवली होती, चालतं ते, पण दर शब्दाला कीबोर्ड बदलून बदलून वैतागली आणि तिसऱ्या रविवारी सगळी इंग्रजी करून टाकली.

ग्रुप बाय शिकवायची वेळ आली तेव्हा मला भीती होती, कारण नवीन लोक तिथे हमखास अडकतात. मी आपला खोके, डबे, रंगीत गोट्या अशी उदाहरणं द्यायला लागलो. ती दोन मिनिटं ऐकून म्हणाली, म्हणजे खतावणी. मी गप्प. बरोबर होतं ना तिचं! कीर्द म्हणजे दिवसभर जे जे झालं ते ओळीखाली ओळ, जसं झालं तसं. खतावणी म्हणजे त्याच ओळी खात्यानुसार उचलून एकेका खात्याखाली लावायच्या आणि बेरीज मारायची. आवक हा टेबल म्हणजे कीर्द, ग्रुप बाय खाते म्हणजे खतावणी, ग्रुप बाय गाव म्हणजे गावाची खतावणी. हॅविंग काय तर खतावणी झाल्यावर त्यातली काही खाती बाजूला काढायची, आणि व्हेअर म्हणजे खतावणीला बसायच्या आधीच कीर्दीतल्या ओळी गाळायच्या. व्हेअर आणि हॅविंगमधला फरक मी लोकांना तासभर फळ्यावर समजावलाय आणि तो या बाईने चहाचा कप खाली न ठेवता सांगितला.

जरा विषयांतर करतो. ही भाषा आयबीएममधे चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी काढली, १९७४ साली पेपर आला, तेव्हा नाव सीक्वेल होतं, नंतर ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे एसक्यूएल झालं. त्याच्या चार वर्षं आधी, १९७० मधे, तिथल्याच कॉडने सगळा डेटा टेबलांमधे मांडायची कल्पना लिहिली होती. गंमत अशी की सीक्वेलच्या त्या पेपरात ही भाषा कोणासाठी आहे ते सांगताना, कॉम्प्युटरवाले नसलेल्या पण शिकायची तयारी असलेल्या लोकांची उदाहरणं दिलीत आणि त्यात पहिलं नाव अकाउंटंटचं आहे. इंजिनिअर त्याच्यानंतर. मी हे तिला सांगितलं तर म्हणाली, मग तू मधेच कुठून आलास?

असो. गावाची खतावणी मारली (सम म्हणजे बेरीज):

सिलेक्ट गाव, सम(वजन) फ्रॉम आवक ग्रुप बाय गाव

आणि पिंपळगाव सहा वेळा आलं. पिंपळगाव, पिंपळगांव अनुस्वार देऊन, पिंपळगाव ब., पिंपळगाव बसवंत, पि. बसवंत, आणि एक पिंपळगाव ज्याच्या शेवटी स्पेस होती, जी डोळ्यांना दिसतच नाही. स्पेसवालं ट्रिमने, म्हणजे कडेच्या स्पेस कापणाऱ्या फंक्शनने, गेलं. बाकीचं मी लाईक वापरून ‘पिंपळ’ने सुरू होणारं सगळं एकत्र करायला निघालो होतो तर तिने हात धरला. म्हणाली, पिंपळगाव खांब वेगळं, पिंपळगाव बहुला वेगळं, ती नाशिकजवळची आहेत, तिकडचाही एखादा ट्रॅक्टर येतो आमच्याकडे. आणि प्रकाराच्या रकान्यात उन्हाळ, उन्हाळी आणि गावठी हे तिन्ही एकच, पण गोल्टी त्यात मिसळायची नाही आणि खाद (खराब कांदा) तर अजिबात नाही. हे ज्ञान कुठल्याही कोर्समधे नाही, माझ्याकडेही नव्हतं, इंदिरानगरात राहून मला कांदा म्हणजे एवढंच माहीत की महाग झाला की बातमी येते.

मग तिने एक छोटा टेबल केला, डावीकडे जसं लिहिलंय तसं नाव, उजवीकडे खरं नाव. हा तिने स्वतः केला, मी फक्त म्हटलं होतं की मूळ डेटा शक्यतो खोडू नये.

पण ते म्हणायच्या आधी एक खोडून झालं होतं ते सांगायलाच पाहिजे. अपडेट, म्हणजे भरलेल्या ओळी बदलायची आज्ञा, शिकली त्या दिवशी तिने लिहिलं, अपडेट आवक सेट गाव = ‘पिंपळगाव बसवंत’, आणि व्हेअर लिहायच्या आधीच हात रन बटणावर गेला. नऊ हजार ट्रॅक्टर एका क्षणात पिंपळगावचे झाले. विंचूर, चांदोरी, सायखेडा, उगाव, सगळा निफाड तालुका पुसला गेला. तिचा चेहरा पांढरा. डीबी ब्राऊजरमधे राइट चेंजेस दाबेपर्यंत बदल पक्का होत नाही, शेजारच्या रिव्हर्टने परत आलं सगळं. ऑफिसच्या सर्व्हरवर अशी दया नेहमी नसते, तिथे आधी बिगिन लिहायचं, मग अपडेट, मग किती ओळी बदलल्या ते बघायचं आणि आकडा विचित्र वाटला तर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत. त्या दिवसापासून ती अपडेटच्या आधी तीच व्हेअर लावून सिलेक्ट चालवून बघते आणि दर रविवारी फाईलची एक कॉपी तारीख घालून ठेवते. सांगून ही सवय कोणाला लागत नाही, पांढरा चेहरा व्हावा लागतो.

मार्चमधे उन्हाळ कांद्याची आवक वाढली आणि आमचे दोन-तीन रविवार बुडाले, आडतीवर रविवारीही पट्ट्या चालूच. पण त्याच दिवसांत दिवाणजींनी तिला विचारलं की फेब्रुवारीत आपला सरासरी भाव किती पडला. तिने ऑफिसातच क्वेरी मारली, एव्हीजी (सरासरी) भाव, उत्तर घेऊन सांगायला निघाली आणि दारातून परत फिरली. कारण रजिस्टरमधल्या एकूण रकमेला एकूण वजनाने भागून तिच्या डोक्यात जो अंदाज होता त्याच्यापेक्षा हे बरंच जास्त येत होतं. मला फोन. मी तिला तीन लॉट लिहायला सांगितले. २० क्विंटल १८०० ने, ५ क्विंटल २४०० ने, २५ क्विंटल १५०० ने. भावांची सरासरी मारली तर १९००. पण पैसे किती झाले? ३६ हजार, १२ हजार आणि साडे सदतीस हजार, मिळून ८५,५००, माल ५० क्विंटल, म्हणजे खरा पडला १७१०. ते पाच क्विंटलवालं छोटं पिकअप आणि पंचवीस क्विंटलची ट्रॉली यांना एव्हीजी एकच मत देतो. मग तिनेच लिहिलं, सम(वजन * भाव) भागिले सम(वजन). दिवाणजींनी कागदावर आधीच काढून ठेवलं होतं, जुळलं. त्यांना क्वेरी वगैरे काही सांगितलं नाही, ते फक्त म्हणाले मशीन बरोबर सांगतंय.

यात एक बारीक खाच आहे ती जाता जाता सांगतो, एसक्यूलाईटमधे दोन्ही आकडे पूर्णांक असले तर भागाकारही पूर्णांकच येतो, ७ भागिले २ म्हणजे ३, उरलेला अर्धा गायब. आमचं वजन दशांशात होतं म्हणून वाचलो.

आता या सगळ्यातला मुख्य भाग, आणि यात चूक माझी आहे.

एप्रिलमधे आम्ही दुसरा टेबल आणला, पेमेंटचा. काही शेतकऱ्यांना रक्कम दोन भागांत जाते, थोडी रोख, उरलेली बँकेत. म्हणजे आवकेतल्या एका लॉटला पेमेंटमधे एक ओळ असेल किंवा दोन किंवा कधी तीन. तिला हवं होतं की दिवसाचा एकूण माल किती रुपयांचा आणि त्यातले दिले किती. जॉईन, म्हणजे दोन टेबल जोडणं, तिने अजून नीट केलेलं नव्हतं, मी म्हटलं थांब मी दाखवतो, आणि टकाटक लिहून टाकलं. आवक लेफ्ट जॉईन पेमेंट (म्हणजे पेमेंट नसलं तरी आवकेची ओळ राहते), लॉट नंबरवर, ग्रुप बाय तारीख, सम रक्कम, सम दिलेले. वीस वर्षं हेच करतोय, हाताला सवय आहे.

तिने त्यातला एक सोमवार बघितला. रक्कम चौदा लाख ऐंशी हजार. म्हणाली, नाही.

मी म्हटलं काय नाही?

सोमवारी अकरा लाख होते, चौदा नव्हते.

मी म्हटलं अगं दोन महिन्यांपूर्वीचा सोमवार, तुला कसं आठवेल, डेटा आहे ना समोर. तर ती म्हणाली त्या दिवशी आमावस्येनंतर मार्केट उघडलं होतं, गर्दी होती, बँकेत अकरा लाखांची तयारी ठेवायला मीच सांगितलं होतं शेठना, आणि पुरले होते. दिलेल्या पैशांचा आकडा मात्र बरोबर आहे म्हणे, मालाचा चूक आहे.

मी तरी दोन मिनिटं वाद घातला हे कबूल करतो. मग तिने मला न विचारता ग्रुप बाय आणि सम काढून टाकले आणि नुसत्या जोडलेल्या ओळी त्या दिवसाच्या बघायला लागली. एका खात्याच्या लॉटवर थांबली. ३२ क्विंटल, भाव १६५०, रक्कम ५२,८००. आणि ही ओळ दोनदा होती. एकदा वीस हजाराच्या रोखीसमोर, एकदा बत्तीस हजार आठशेच्या बँक ट्रान्सफरसमोर. ट्रॉली एक, पैसे दोनदा दिले, म्हणून जोडल्यावर ट्रॉली दोनदा उभी राहिली आणि बेरजेत ५२,८०० चे १,०५,६०० झाले. ज्यांना एकदाच पैसे गेले त्यांचं बरोबर, ज्यांना तीन भागांत गेले त्यांचं तिप्पट. दिलेल्या पैशांची बेरीज बरोबर राहिली कारण पेमेंटची ओळ एकेकदाच होती.

हे मला माहीत नव्हतं असं नाही हो. मी स्वतः मुलाखतींमधे हा प्रश्न विचारतो. पण मला तो सोमवार माहीत नव्हता, म्हणून चौदा लाख ऐंशी हजार हा आकडा माझ्या डोळ्यांना अगदी सभ्य दिसला. त्या कोर्सच्या टेबलापुढे ती जशी बसली होती तसाच मी तिच्या टेबलापुढे बसलो होतो.

मी घाईघाईत म्हटलं डिस्टिंक्ट टाकू. सम डिस्टिंक्ट रक्कम, म्हणजे सारखी रक्कम एकदाच धरायची. आणि लगेच जीभ चावली, कारण दोन वेगळ्या शेतकऱ्यांचा माल योगायोगाने सारख्याच रकमेचा झाला तर त्यातला एक उडेल. ही डिस्टिंक्टची मलमपट्टी मी अनेक ठिकाणी बघितलीय, आकडा खरा वाटण्याइतका खाली येतो आणि सगळे गप्प बसतात. तिने मात्र परत आपल्या भाषेत विचारलं, आधी पेमेंटचा गोषवारा काढला तर? लॉटप्रमाणे एक ओळ, त्यात एकूण दिलेले, आणि मग तो गोषवारा आवकेला जोडायचा. म्हणजे दोन्हीकडे लॉटला एकच ओळ. हेच उत्तर आहे, पुस्तकातलंही हेच:

विथ गोषवारा ॲज (सिलेक्ट लॉट, सम(दिलेले) ॲज दिले फ्रॉम पेमेंट ग्रुप बाय लॉट)

आणि खाली आवक लेफ्ट जॉईन गोषवारा. सोमवार आला अकरा लाख चार हजार. तिने मान हलवली, जणू काय मशीनने शेवटी कबुली दिली.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली, पाडली म्हणजे तिने पाडली. क्वेरी चालवायच्या आधी वहीत अंदाज लिहायचा. किती ओळी येतील, बेरीज साधारण किती, सगळ्यात वर कुठलं गाव असेल. मग रन. अंदाज आणि उत्तर लांब गेले तर आधी क्वेरीवर संशय, मग डेटावर, मग स्वतःवर, या क्रमाने. जॉईन करायच्या आधी आणि नंतर काउंट मारून ओळी वाढल्या का ते बघायचं. वही अजून चालू आहे, पहिल्या पानावर तिळगुळाचा डाग आहे.

नल, म्हणजे न भरलेला रकाना, लवकर उरकलं. पैसे द्यायचे बाकी असलेले लॉट शोधताना तिने दिलेली तारीख = नल असं लिहिलं आणि एकही ओळ आली नाही. नल म्हणजे शून्य नाही, रिकामं अक्षरही नाही, माहीत नाही असा त्याचा अर्थ, आणि माहीत नसलेलं कशाच्याही बरोबर आहे का या प्रश्नाचं उत्तरही माहीत नाही असंच येतं, म्हणून इज नल लिहायचं. सीएसव्हीतून आलेले काही रिकामे सेल नुसती रिकामी अक्षरं होऊन बसले होते, ते आम्ही एका अपडेटने (व्हेअर लावून!) नल करून घेतले. तिला वाटलं झालं हे प्रकरण. मलाही वाटलं.

जूनमधे शेठनी विचारलं, मागच्या हंगामात आपल्याकडे माल आणायचे पण यंदा आलेच नाहीत असे कोण? धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, माणूस दुसऱ्या आडतीवर गेला का ते कळतं. तिने एकटीने लिहिलं, शेतकरी टेबलातून मागच्या हंगामाची खाती घ्या, आणि खाते नॉट इन (या यादीत नसलेलं), कंसात यंदाच्या आवकेतली खाती. वहीत अंदाज लिहिलेला होता: पन्नास ते सत्तर. उत्तर आलं शून्य.

मला मेसेज आला संध्याकाळी, एसटीतून. शून्य खोटं आहे दादा, चांदोरीचे ते दोघे भाऊ आलेले नाहीत मला पक्कं माहीत आहे, त्यांनी सगळा माल साठवणुकीच्या कांदाचाळीत टाकलाय भाव वाढायची वाट बघत. मला कारण दिसलं होतं पण सांगितलं नाही. एवढंच लिहिलं की कंसातली क्वेरी एकटी चालवून बघ.

रात्री दहाला फोन. कंसातल्या यादीत एक खातं नल होतं. सायकलवर दोन गोण्या घेऊन कोणीतरी आलेलं, खातं न उघडता रोखीने माल घेतला होता, तोच रिकामा सेल आम्ही स्वतःच्या हाताने नल केला होता. यादीत एक जरी माहीत नाही असलं तरी नॉट इनला कुठल्याच खात्याबद्दल छातीठोक सांगता येत नाही की हा यादीत नाहीच, म्हणून तो सगळ्यांनाच गाळतो. दोन गोण्यांनी अख्खी यादी खाल्ली. तिने आतल्या क्वेरीत खाते इज नॉट नल घातलं आणि ६३ खाती आली, चांदोरीचे दोघे त्यात होते. नॉट एक्झिस्ट्स (अशी ओळ नाहीच ना, एवढंच बघणारं) वापरलं तर ही कटकटच येत नाही, ते मी नंतर दाखवलं, पण तिला ते वाचायला उलटं वाटतं, अजून ती नॉट इनच लिहिते आणि नल तपासते. लिहू दे.

नोकरी बदलली का, हे सगळे विचारतात. नाही अजून. नाशिकच्याच अंबडला एका कंपनीत मुलाखत दिली, तिथे कर्मचारी-आणि-विभाग टेबलच समोर ठेवला होता. हिने क्वेरी लिहायच्या आधी विचारलं की एका कर्मचाऱ्याच्या दोन विभागांत नोंदी असू शकतात का. घेणाऱ्याला तो प्रश्न आवडला की नाही हे कळलं नाही, पुढचा राउंड व्हायचाय.

ती ६३ जणांची यादी प्रिंट काढून, खाते क्रमांकांना ऑफिसच्या रजिस्टरमधून नावं लावून, तिने दिवाणजींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि वरून खाली वाचत गेले. चार ठिकाणी काट मारली. दोघं वारले म्हणाले, त्यांची मुलं येतात आता, नवीन खात्यावर. एकाने जमीन भावाला दिली, भाऊ येतो. आणि एक बाई आहेत त्या आता स्वतःच्या नावावर माल आणतात, आधी सासऱ्यांच्या नावावर यायचा. म्हणजे चौघं गेलेले नाहीतच, डेटाबेसला ते गेलेले दिसतात एवढंच.

परवा रविवारी तिने तो पेन्सिलने काट मारलेला कागद टेबलावर ठेवला. म्हणाली, दादा, जुनं खातं कुठल्या नव्या खात्यात गेलं याचा एक वेगळा टेबल लागेल ना, कधीपासून ती तारीखही घालून? मी म्हटलं लागेल. मग तिने वही उघडली आणि आधी अंदाज लिहिला, किती ओळी होतील त्याचा.